चतकोर भाकरीचा वाद

विसू,

तुझ्या तेराव्याला सुमनवहिनींनी पिठलं-भात केला होता. या दुष्काळात दुसरं काही करायची सोय नव्हती, आणि तुला दुसरं आवडलंही नसतं. पंगत तुमच्या ओसरीवर बसली. मी शेवटी, खांबाला टेकून. वाढायला आलेला तुझा मेहुणा म्हणाला, "नाना, अजून घ्या ना." मी हात आडवा केला. तू असतास तर तिथूनच ओरडला असतास, "त्याला आग्रह करू नका रे, तो घरून मोजून आलेला असतो!" कोणीतरी तसं म्हणेल म्हणून मी मान वर केली. सगळे खाली बघून जेवत होते.

शाळेतल्या शोकसभेत तुझा जन्म, तुझं शिक्षण, ड्रॉइंगच्या परीक्षेत तुझ्या वर्गातल्या मुलांनी मिळवलेली बक्षिसं, सगळं हेडमास्तरांनी सांगितलं. मलाही बोलायला उभं केलं. मी चार वाक्यं बोललो आणि बसलो. लोकांना वाटलं, दुःखामुळे. दुःख होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. मला तुझ्याशी जे बोलायचं होतं ते सभेत बोलण्यासारखं नव्हतं. आपला वाद अर्धा राहिलाय, विसू. वाद अर्धा टाकून उठून जायची तुझी सवय जुनी आहे, पण दुसऱ्या दिवशी तू परत यायचास.

तुला आठवतं तसं मलाही आठवतं, पण माझ्या पद्धतीने सांगतो. सलग दोन वर्षं पाऊस गेला. सरकारने खडीची कामं काढली, पाझर तलाव काढले, आणि गाव त्यांच्यामागे गेलं. जवळचं काम संपलं की लांबचं. घरातली हातीपायी धड माणसं पाल ठोकून तिकडेच राहायला लागली. हजेरीपटावर नाव असेल त्याला मजुरी. ज्याला पाटी उचलता येत नाही त्याचं नाव हजेरीपटावर नाही, आणि ज्याचं नाव नाही तो सरकारला दिसत नाही. अशी म्हातारी माणसं मागे घरं राखत बसली. मुलगा पंधरा दिवसांनी येणार, येताना काही आणलं तर आणणार. आपल्या मदत मंडळाने गावात मोजली, तर मागे बघणारं अगदी कोणी नसलेली सहा घरं निघाली.

मंडळ म्हणजे तरी काय होतं? पाच माणसं आणि एक कुलूप नसलेली पेटी. बेवारशाच्या प्रेताला कापड आणि गरिबाच्या पोराला पाटी-पुस्तक, याच्यापलीकडे आपली उडी नव्हती. पुण्याच्या एका लहानशा ट्रस्टला मदत मागायची कल्पना तुझी. मी म्हणालो होतो, असल्या खेड्यातल्या पाच माणसांना कोण पैसे देतं! त्यांनी पाचशे रुपये मंजूर केले. अडीचशे आधी, अडीचशे हिशेब पाहिल्यावर. अट एकच: पैसा गरजूंच्या अन्नावर खर्च व्हावा, कार्यकर्त्यांवर नाही. ती अट वाचून मला फार बरं वाटलं होतं. वाटलं, हा ट्रस्ट माझ्यासारख्या माणसाने काढलेला दिसतो.

सरकारच्या कामांपुढे अडीचशे रुपये म्हणजे काहीच नाही, हे मी तेव्हाच म्हणालो. तू म्हणालास, "नाना, हत्तीला दिसत नाही ते मुंगीला दिसतं." तुझी असली वाक्यं मला आवडत नसत, पण पुढे झालं ते तसंच. आपल्याकडे पैसे आलेत म्हटल्यावर गिरणीवाले चाँदभाई म्हणाले, "पुण्याचे लोक पैसे देतात आणि मी दळणाचे घेऊ? लाजेनं मरेन." त्यांनी दळण फुकट केलं. नगरहून मिलोची, त्या लाल परदेशी ज्वारीची, पोती आणणाऱ्या ट्रकवाल्याने अर्धंच भाडं घेतलं. बाहेरून कोणीतरी विश्वास ठेवला की गावही ठेवतं. हे मी रकमेत मांडू शकत नाही, पण मान्य करतो.

ती पोती ठरवायला गेलो त्या दिवशी नगरला स्टँडसमोर तू मला ओढत होतास. "चल, भजी खाऊ. सकाळपासून पोटात काही नाही." मी पिशवीतून घरची भाकरी काढली. म्हटलं, मंडळाच्या कामाला आलोय. तू म्हणालास, "अरे, माझ्या खिशातले पैसे आहेत!" मी म्हटलं, "बघणाऱ्याला काय कळतं कुठल्या खिशातले?" तू स्टँडच्या बाकावर बसून माझी अर्धी भाकरी खाल्लीस आणि सगळ्या प्रवासात मला 'बघणाऱ्याला' या एका शब्दाने छळलंस. मी असाच आहे. सोसायटीत हिशेब लिहितो, वसुलीला जावं लागतं. ज्याच्याकडे वसुलीला जायचं त्याच्या घरचा चहा घ्यायचा नाही, पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हे मी पहिल्या वर्षापासून पाळलं. तेवीस वर्षांत मी गावात फक्त दोन घरी जेवलोय, माझ्या आणि तुझ्या.

पहिल्या आठवड्यात आपण भाकऱ्या करवून फडक्यात बांधून सहा घरी पोचवल्या. आपल्याला वाटलं झालं. तिसऱ्या दिवशी भागूबाईच्या दारात भाकरी शेळी खात होती. तू विचारलंस, "मावशी, हे काय?"

"मी काय भिकारीन हाय व्हय मास्तर? माझा ल्योक कामाला गेलाय, मेला न्हाई. दारात भाकर टाकून जाताय!"

"टाकली नाही, ठेवली."

"टाकली काय आन् ठेवली काय. आमी मागून खानारी मानसं न्हाई."

सहांपैकी चार घरी थोड्याफार फरकाने हेच. मी मंडळाच्या बैठकीत म्हणालो, गरज नसेल तर यादी कमी करू. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी यादी घडी करून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी तू तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसलास. शाळा सकाळची होती, ऊन मरणाचं, आणि तू नंतर म्हणायचास की तुला खरंच चक्कर आली होती. तू म्हणालास, "मावशी, भूक लागलीय. काही आहे का?"

भागूबाईच्या घरात काही नव्हतं. पण दारात आलेल्या माणसाला 'नाही' कसं म्हणायचं? ती उठली, पाणी दिलं, डबे वाजवले. तू पिशवीतलं पीठ पुढे केलंस. "हे आहे माझ्याकडं. तेवढी भाकरी टाका." तिने चूल पेटवली. कितीतरी दिवसांनी पेटवली असेल. भाकरी झाली तशी तू म्हणालास, "एकटा कसा जेवू? तुम्ही बसा." पाहुण्याने जेवायला बस म्हटल्यावर ती बसली. तू एक चतकोर खाल्लीस, बाकीची तिने. निघताना उरलेलं पीठ तिच्या डब्यात ओतलंस आणि म्हणालास, "ठेवा. उद्या येतो."

त्यानंतर सहाही घरी हीच पद्धत. मंडळ पीठ नेऊन देत नव्हतं, मास्तर जेवायला येत होते. बौद्धवाड्यातल्या म्हाताऱ्याकडे तू जेवलास तेव्हा गावात दोन-चार जणांनी नाकं मुरडली. तू त्यांना चौकात ऐकू जाईल असं म्हणालास, "सहा घरांत सगळ्यात चांगली चटणी तिथं मिळते. जळत असेल तर या जेवायला." एवढ्यावर ते संपलं.

पण आपलं संपलं नाही. गिरणीच्या ओट्यावर बसून मी तुला हिशेब सांगितला.

"सहा घरं, सहा चतकोर. म्हणजे दिवसाला दीड भाकरी. एका म्हातारीचं दिवसाचं अन्न तू खातोस विसू."

"चतकोर खातो रे!"

"सहा वेळा."

"मग संध्याकाळी घरी जेवत नाही, ते धर की हिशेबात. सुमन खूष आहे."

"अट वाच. कार्यकर्त्यांवर खर्च नाही."

"मी कार्यकर्ता नाही तिथं. पाहुणा आहे."

"मग असं कर, तुझ्या चतकोरांपुरतं पीठ घरून आण. माप मी काढून देतो."

चाँदभाई पट्टा सरळ करत होते, ते तिथूनच हसले. म्हणाले, "नाना, आता माणसाच्या पोटालाही तराजू लावा." तू मात्र हसला नाहीस. तू म्हणालास, "मी माझं पीठ आणलं तर मी माझीच भाकरी खाणार. मग तिच्या घरी मी कोण? पाहुणा यजमानाचं खातो, नाना. म्हणून तर यजमान यजमान असतो."

मी म्हटलं, हे बोलणं छान आहे, पण ट्रस्टला लिहिताना मी काय लिहू? तू म्हणालास, "लिही, मास्तर खादाड आहे." आणि उठून गेलास.

हा वाद आपण किती वेळा घातला याची मोजदाद मी केलेली नाही. तू हरायचा नाहीस, मीही हरायचो नाही. खरं सांगायचं तर मला त्याची सवय झाली होती. घरी मी बोलतो ते कामापुरतं. ही म्हणते, तुम्ही घरातही सोसायटीत बसल्यासारखे बसता. मुलं मोठी झाली, आपल्या वाटेने गेली. दिवसभरात ज्या माणसाशी मी आवाज चढवून बोलायचो तो एक तू होतास.

मग पुण्याहून ट्रस्टचे गृहस्थ बघायला आले. पांढरा शर्ट, उन्हाने लाल झालेले, पण माणूस सरळ वाटला. मी हिशेब दाखवला. पोती, वजन, वाटप, सगळं बरोबर होतं. ते म्हणाले, "उत्तम आहे. तुमच्यापैकी कोणी यातलं घेत नाही ना?" मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि त्याआधी तू म्हणालास, "मी घेतो. रोज सहा घरी जेवतो." मला जमीन दुभंगावी असं झालं. ते बघतच राहिले. तू सगळं समजावून सांगितलंस, हातवारे करून, भागूबाईची नक्कल करून. ते हसले. पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मला पटतंय. पण आमच्या मंडळींसाठी एवढी एक गोष्ट नीट लिहून द्या, म्हणजे दुसरा हप्ता लगेच पाठवता येईल."

नीट म्हणजे काय लिहायचं, यावर आपला शेवटचा वाद झाला. पीठ संपत आलं होतं. मला खोटं लिहायचं नव्हतं, आणि खरं लिहिलं तर पैसे अडकतील अशी भीती होती. तू म्हणालास, तू सांगतोस तसंच लिही. मी म्हटलं, तुझं बोलणं कागदावर टिकत नाही. तू पायात चपला सरकवल्यास. "उद्या सांगतो तुला, काय लिहायचं ते. आत्ता डोकं दुखतंय."

मी म्हटलं, "हरलास की तुझं डोकं दुखतं."

हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. सकाळी तुमच्या गल्लीत गर्दी दिसली. याबद्दल मी आणखी काही लिहिणार नाही.

तू गेल्यावर सहा घरांचं काय, हा प्रश्न मंडळात आला. मी म्हटलं, पीठ मी पोचवीन. पोचवलं. पाच घरी डबे रिकामे होत होते. तुझ्यामुळे चुली पेटल्या होत्या, त्या चालू राहिल्या. बौद्धवाड्यातल्या म्हाताऱ्याने तर मला सांगितलं, "मास्तर न्हाईत म्हनून काय उपाशी मरू? त्येंनी शिव्या दिल्या असत्या." पण भागूबाई पीठ दारातूनच घ्यायची; तेरावं झाल्यावर मी गेलो, तेव्हा तिने ते घेतलंच नाही. म्हणाली, "डब्यात जागा न्हाई."

मी झाकण उघडलं. डबा काठोकाठ. चुलीत राख गार, तिच्यावर मांजर झोपलेलं. ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"हे खाल्लं का नाही तुम्ही?"

"ते मास्तरांचं हाय. त्येंनी ठेवाया दिलं हुतं. त्येंच्यामागं मी कशी खाऊ?"

"मग इतके दिवस काय खाताय?"

"शेजारीन भरडलेल्या कन्या शिजवून देती कधीमधी. मला कितीसं लागतंय!"

मी तिला समजावलं. म्हटलं, हे पीठ मंडळाचं आहे, पुण्याहून पैसे आलेत, ते तुमच्यासाठीच आहेत. मी जेवढं नीट सांगत होतो तेवढा तिचा चेहरा बंद होत होता. मला ते दिसत होतं आणि मी सांगतच होतो. शेवटी ती म्हणाली, "म्हंजी मास्तर जेवाया येत न्हवते? मला पोसाया येत हुते?"

विसू, या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे असतं. मी उंबऱ्याशी उभा होतो, बाहेर ऊन, आत ती. हो म्हटलं तर ती पुन्हा त्या पिठाला हात लावणार नाही. नाही म्हटलं तर मी आत्ताच सांगितलेलं सगळं खोटं. मी खाली बसलो. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मावशी," मी म्हटलं, "तो जेवायलाच यायचा. आणि आज मी आलोय."

"तुमी?" ती हसली. तू गेल्यानंतर तिच्या तोंडावर हसू पहिल्यांदाच आलं असावं. "तुमी तर कुनाकडं पानी बी पीत न्हाई. आख्ख्या गावाला ठावं हाय. जेवाया बसलाय का जप्ती आनलीया?"

"भूक लागलीय," मी म्हटलं. आणि हे खरं होतं. सकाळी मी काही खाऊन निघालो नव्हतो.

तिने मांजराला हाकललं. काटक्या मोडल्या. तिला नीट दिसत नाही हे मला तेव्हा कळलं. परातीत पीठ घेतलं, चाळलं नाही, पाणी अंदाजाने ओतलं. तवा धुरकट. भाकरी एका बाजूने करपली, मध्ये कच्ची. तिने ती मोडून मला अर्धी दिली. मी म्हटलं, "चतकोर बस." ती म्हणाली, "मास्तर बी असंच म्हनायचे. पोट बिघडलंय का काय सगळ्यांचं!" आणि वर मीठ ठेवलं.

पहिल्या घासाला दातांखाली खडा आला. दुसऱ्या घासाला आणखी दोन. मिलोची ती लाल, कडसर भाकरी घशाखाली उतरेना. मी पाणी प्यायलो. मावशीकडे बघून पुन्हा घास घेतला. विसू, तू हे मला कधी सांगितलं नाहीस. मी ओट्यावर बसून तुझ्या चतकोरांचं माप काढत होतो, जशी काही तू मेजवानी झोडत होतास, आणि तू रोज हे खडे चावून येत होतास. एकदा तरी म्हणायचं होतंस. वाद तिथेच संपला असता. पण मग तू तिच्या भाकरीला नाव ठेवल्यासारखं झालं असतं, म्हणून म्हणाला नसशील.

ती माझ्यासमोर बसून जेवत होती. घास लहान, पण सावकाश आख्खी अर्धी संपवली. माझं ताट रिकामं झालेलं बघून तिने विचारलं, "आनखी?"

मी म्हटलं, "द्या चतकोर."

निघताना उरलेलं पीठ मी तिथेच ठेवलं. नवं भरलं नाही. म्हटलं, "ठेवा. उद्या येतो." ती म्हणाली, "उंद्या चटनी करते. पर ती टोपी घालून येऊ नका, वसुलीवाल्यावानी दिसताय."

त्याच संध्याकाळी मी ट्रस्टला लिहिलं. तुझ्यासारखं लिहिता येत नाही, म्हणून माझ्यासारखं लिहिलं. 'पीठ ज्या घरात पोचलं त्या घराचं झालं. पुढे त्या घरी कोण पाहुणा जेवला याचा हिशेब मंडळ ठेवत नाही व ठेवणार नाही. सध्या तो पाहुणा खाली सही करणाराच आहे.' खाली सही केली. पैसे येतील की नाही, माहीत नाही. न आले तर गावात मागू. चाँदभाई म्हणालेत, पहिलं पोतं त्यांचं. आपल्या पाच माणसांत आता चारच आहोत, पण मागायला चार पुरतात.

माझं एक म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. अट ही अट असते आणि ती ज्याने घातली त्याला आधी विचारायला हवं होतं. तू विचारलं नाहीस. यावर तुझं काय म्हणणं आहे ते मला ऐकायचं होतं.

ट्रस्टचं पत्र टाकून मी गिरणीच्या ओट्यावर जाऊन बसलो. उजव्या हाताला भिंतीकडे तू बसायचास, ती जागा सोडून. पट्टा बंद होता, गिरणीत पिठाचा वास आणि कोणी नाही. चतकोराच्या वादात मी हरलो हे सांगायला आलो होतो, आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदाच सांगत होतो. तेवढ्यात चाँदभाई पाठीवर पोतं घेऊन बाहेर आले. म्हणाले, "नाना, सरका जरा भिंतीकडं. पोतं टेकवायचंय."

मी भिंतीकडे बघितलं. मग उठलो आणि म्हटलं, "तिकडं नको. माझ्या जागेवर ठेवा."

त्यांनी ठेवलं. मी तुझ्या जागेसमोर उभा राहिलो आणि राहिलेलं सांगितलं.